स्काय बेटावर ऑक्टोबर : तिरके ऊन, काळे कडे आणि ओस वाड्या

ऑक्टोबरच्या मध्यावर नागपुरात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून साधारण ६० अंशांवर असतो आणि निसर्गचित्रण करणारी व्यक्ती त्या वेळी कॅमेरा पिशवीत ठेवून सावली शोधते. ५७ अक्षांशांच्या उत्तरेला असलेल्या स्काय बेटावर त्याच दिवसांत सूर्य दुपारीसुद्धा २५ अंशांच्या वर चढत नाही. सकाळी आठच्या सुमारास उगवल्यापासून संध्याकाळी सहा-साडेसहाला मावळेपर्यंत उजेड तिरकाच राहतो आणि प्रत्येक उंचवट्याला दिवसभर सावली मिळते. स्कॉटलंडच्या वायव्य किनाऱ्यालगतचे हे बेट पाहण्यासाठी मी ऑक्टोबर निवडला, तो या हिशेबाने. दुसरे कारण मिज नावाच्या बारीक, चावऱ्या चिलटांचे होते. मे अखेरपासून सप्टेंबरपर्यंत त्यांचे थवे ट्रायपॉडजवळ स्थिर उभे राहू देत नाहीत, असे जाणकारांनी बजावले होते. ऑक्टोबरात त्यांचा त्रास संपलेला असतो.

शनिवार : ग्लासगो ते पोर्ट्री

व्हिसा, विमाने आणि सामानाची वजने यांबद्दल सांगण्यासारखे विशेष काही नाही. ग्लासगोत नोकरी करणारा माझा आतेभाऊ गाडी घेऊन आला होता आणि पुढचा सगळा प्रवास त्याच्याच भरवशावर झाला. तो मूळचा नागपुरातल्या महाल भागातला; इतकी वर्षे तिकडे राहूनही त्याच्या बोलण्यातला नागपुरी सूर तसूभर कमी झालेला नाही. लॉख लोमंडच्या काठाने, रॅनॉख मूरच्या दलदलीतून आणि ग्लेनकोच्या दरीतून जाणारा हा रस्ता स्वतंत्र सहलीच्या योग्यतेचा आहे, परंतु त्या दिवशी ढग एवढे खाली उतरले होते की ग्लेनकोचे डोंगर पायथ्यापुरतेच दिसले.

काइल ऑफ लॉखाल्श येथे मुख्य भूमी संपते आणि पूल ओलांडला की स्काय सुरू होते. हा पूल १९९५ मध्ये झाला. त्याचा टोल स्थानिकांच्या दीर्घ विरोधानंतर २००४ मध्ये रद्द करण्यात आला, त्यामुळे आता बेटावर जायला काही द्यावे लागत नाही. अंधार पडता पडता आम्ही पोर्ट्रीला पोहोचलो. मुक्काम एका वयस्कर बाईंच्या घरगुती निवासात होता. नागपुराहून नेलेला संत्रा बर्फीचा डबा मी त्यांच्या हातात दिला. त्यांनी एक तुकडा चाखला, डबा शांतपणे बंद केला आणि तो फडताळाच्या सर्वांत वरच्या फळीवर ठेवला. त्यांच्या नातवंडांचा हात तिथवर पोहोचत नाही, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळले.

रविवार : स्टॉर

‘ओल्ड मॅन ऑफ स्टॉर’ हा साधारण ५० मीटर उंचीचा सुळका ७१९ मीटरच्या स्टॉर डोंगराच्या पूर्व बाजूला उभा आहे, त्यामुळे त्याला खरा उजेड सकाळीच मिळतो. सव्वासहाला आम्ही पायथ्याच्या वाहनतळावर होतो आणि डोक्याला लावलेल्या टॉर्चच्या उजेडात चढायला लागलो. सुळक्यापर्यंत न थांबता त्याच्याही पुढे उत्तरेकडच्या उंचवट्यावर गेले, की सुळका, मागचा कडा, खालची दोन तळी आणि पलीकडचे रासे बेट हे सारे एका चौकटीत येते. प्रसिद्ध चित्र ते हेच. आम्ही पोहोचलो तेव्हा तिथे आधीच ट्रायपॉडांची रांग लागली होती.

सूर्योदय ढगांनी गिळला. तासभर वारा आणि पाऊस आलटून पालटून येत राहिले, तशी रांग विरळ होत गेली. आम्ही एका खडकाच्या आडोशाला थर्मासमधला चहा पीत बसलो. साडेनऊच्या पुढे भावाने माझी बाही ओढली : “ताई, ऊन पडून राहिलं, ऊठ लवकर!” पूर्वेकडच्या ढगात एक फट पडली होती आणि उन्हाचा पट्टा समुद्रावरून आमच्या दिशेने सरकत होता. तो आधी तळ्यांवर आला, मग सुळक्यावर चढला, आणि मागचा कडा मात्र काळाच राहिला. मिनिटभरही हे टिकले नाही. कॅमेरा आधीच चौकट ठरवून, एफ/११ आणि आयएसओ १०० वर लावून ठेवलेला होता, म्हणून चार-पाच चित्रे हाती लागली. मागाहून तिथेच इंद्रधनुष्यही उमटले. सूर्य ४२ अंशांपेक्षा खाली असेल तरच जमिनीवरून इंद्रधनुष्य दिसते, आणि स्कायवर या दिवसांत तो कधी त्याच्या वर जातच नाही. म्हणून इथे भर दुपारीसुद्धा पावसाकडे तोंड करून वाट पाहणे वाया जात नाही.

सुळक्याकडे जाणाऱ्यांनी सूर्योदयाच्या तास-दीड तास आधी यावे, कारण नंतर वाहनतळ भरतो. तिथे पैसे लागतात. फेरी पूल्स आणि फेरी ग्लेन या बेटावरच्या इतर जागांवरही तसेच. कापडी रुमालाऐवजी भिंगे पुसायचे मऊ कापड घ्यावे आणि एक नव्हे, चार-पाच घ्यावीत, कारण एकदा भिजलेले कापड दिवसभर वाळत नाही. पोलरायझर, म्हणजे भिंगावर लावायचा चकाकी कमी करणारा फिल्टर, वापरत असाल तर इंद्रधनुष्यासमोर तो सावकाश फिरवून पाहावा : एका कोनात रंग गडद होतात आणि दुसऱ्या कोनात इंद्रधनुष्य पार पुसले जाते.

रविवारी इथली बरीच दुकाने बंद असतात. संध्याकाळी पोर्ट्रीच्या बंदरावर, रंगीत घरांच्या ओळीत, उघडे असलेले एक हॉटेल सापडले. धुरावलेला हॅडॉक मासा, बटाटा आणि दूध यांचे ‘कलन स्किंक’ नावाचे दाट सूप तिथे मिळाले. सावजीच्या तर्रीवर वाढलेल्या जिभेला ते पहिल्या घासाला फिके लागते. परंतु दिवसभर वाऱ्यात उभे राहिल्यावर तिखटापेक्षा उष्णताच हवी असते, आणि वाडगा संपेपर्यंत आम्ही दोघे काही बोललो नाही.

सोमवार : क्विरँग आणि स्टॅफिन

बेटाच्या उत्तर टोकाचे ट्रॉटरनिश हे द्वीपकल्प म्हणजे नागपूरकराला ओळखीचा खडक अनोळखी रूपात दाखवणारी जागा आहे. सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थरावर थर साचले. आपल्या सीताबर्डीच्या टेकडीचा काळा पाषाण त्याहून थोडा जुना, साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांचा. फरक पडतो तो खालच्या थरामुळे. ट्रॉटरनिशमध्ये जड बेसाल्टच्या तळाशी ज्युरासिक काळातले ठिसूळ गाळाचे खडक आहेत. हिमयुगातील बर्फ वितळून त्याचा आधार गेला, तेव्हा त्या कमकुवत पायावरून बेसाल्टचे प्रचंड तुकडे, धान्याच्या पोत्यांची थप्पी कलंडावी तसे, पूर्वेकडे घसरले. सुळके, अरुंद कपारी आणि वरून सपाट असलेल्या हिरव्या बैठका त्यातूनच झाल्या. क्विरँगचा भाग अजूनही सरकतो आहे आणि त्याच्या पायथ्याचा फ्लोडिगॅरीजवळचा रस्ता दरवर्षी दुरुस्त करावा लागतो.

लाव्हाच्या दोन थरांमध्ये अडकलेल्या गाळात जीवाश्म शोधणारे स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडचेच. १८४५ मध्ये ते मिशनरी म्हणून नागपुरात आले, टाकळीच्या परिसरात त्यांनी असे जीवाश्म गोळा केले आणि १८६३ मध्ये विदर्भातच ते बुडून वारले. ज्या हिस्लॉप कॉलेजच्या फाटकावरून मी वर्षानुवर्षे गेले, ते त्यांच्याच नावाचे. स्टॅफिनच्या किनाऱ्यावर डायनोसॉरच्या पावलांचे ठसे आहेत, तेव्हा हिस्लॉप इथे नक्कीच रमले असते. ते ठसे पूर्ण ओहोटीलाच उघडे पडतात आणि बऱ्याचदा वाळूखाली झाकलेले असतात. ओहोटीची वेळ आदल्या रात्रीच पाहून ठेवणे आवश्यक आहे. आम्हाला त्यातला तीन बोटांचा एक ठसा स्पष्ट दिसला. त्यात समुद्राचे पाणी साचले होते आणि भावाचा हात पसरून ठेवला तरी तो भरला नाही.

क्विरँगची वाट स्टॅफिन-उइग रस्त्याच्या खिंडीतून सुरू होते. सुरुवातीच्या दहा-पंधरा मिनिटांतच दक्षिणेकडे पाहिले, की कड्यांची सगळी रांग, मधले छोटे तळे आणि वळणावळणाचा रस्ता दिसतो, त्यामुळे चढाची सवय नसलेल्यांनाही उत्तम चित्र मिळू शकते. ब्रॅकन नावाचे नेचे या दिवसांत तांबूस होतात, आणि काळ्या कड्याच्या पायथ्याशी तो रंग ढगाळ उजेडातही उठून दिसतो. पूर्ण फेरी जवळजवळ सात किलोमीटरची आहे. त्यातले काही पट्टे अरुंद आणि उताराकडे झुकलेले आहेत. वारा जोराचा असेल तर हट्ट करू नये.

उतरताना एक म्हातारे गृहस्थ कुंपणाची तार ओढून बसवत होते. त्यांचा काळा-पांढरा कुत्रा आमच्याकडे लक्ष न देता मेंढ्यांकडे पाहत होता. त्यांच्या शेताच्या बांधावरून चौकट लावण्याची मी परवानगी मागितली. ते हसून म्हणाले, परवानगी आहे, पण कुंपण काढून देणार नाही. फोटो काढणारे पुष्कळ जण तार मध्ये येते म्हणून नाराज होऊन जातात. त्यांचा रोख माझ्यासारख्यांवरच होता, कारण तारा, खांब, पत्र्याचे छप्पर असले काही चौकटीत येऊ न देणे हा निसर्गचित्रकाराचा पहिला संस्कार असतो. पुढे ते बोलत राहिले. तुम्हाला हे बेट मोकळे दिसते, परंतु ते मोकळे नव्हते, मोकळे करण्यात आले, असे त्यांचे म्हणणे होते. एकोणिसाव्या शतकात जमीनदारांनी मेंढ्यांच्या कुरणांसाठी कुळांना घराबाहेर काढले आणि गावेच्या गावे परदेशी गेली. १८८२ मध्ये पोर्ट्रीजवळच्या ब्रेस येथे ग्लासगोहून आणलेल्या पोलिसांवर लोकांनी, विशेषतः बायकांनी, दगड फेकले. त्यातून पुढच्या वर्षी नेपियर आयोग बसला आणि १८८६ च्या कायद्याने कुळांना जमिनीवर राहण्याचा हक्क मिळाला. “एल्गोलला जाणारच असाल, तर बोरेरेगला उतरा,” असे सांगून ते पुन्हा तारेकडे वळले.

मंगळवार : पाऊस, आणि संध्याकाळी स्लिगाहन

दिवसभर आडवा पाऊस पडला. न्याहरीला मीठ घातलेली ओटची पेज होती. घरमालकीण बाईंच्या समोर तीत साखर मागण्याचे धाडस भावाने केले नाही. दुपारी कपडे वाळवले, कार्डांवरची चित्रे उतरवून घेतली आणि नागपुराहून आणलेला चिवडा संपवला.

संध्याकाळी उघडीप मिळाली तशी स्लिगाहनला गेलो. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीचा इथला दगडी पूल आणि त्यामागे कूलिनची शिखरे हे दृश्य सर्वज्ञात आहे. पुलावर उभे राहिले, की एका बाजूला गॅब्रो या अग्निजन्य खडकाचा काळा, दातेरी डोंगर आणि दुसऱ्या बाजूला ग्रॅनाइटचा गोलसर, तांबूस ग्लामेग दिसतो. दोन खडकांच्या झिजेतला फरक समजायला पुस्तक लागत नाही. याच ७७५ मीटरच्या ग्लामेगवर १८९९ मध्ये हरकबीर थापा हा गुरखा सैनिक स्लिगाहनच्या खानावळीपासून अनवाणी धावत चढला आणि ५५ मिनिटांत परत आला. नदीला पूर होता. ०.५ सेकंदाच्या शटर स्पीडला पाण्याचे पोत टिकले. त्याहून लांब ठेवले की सगळे दुधाळ होत होते. अंधारात लाल हरणांचे हंबरणे दरीतून ऐकू येत होते, कारण ऑक्टोबर हा त्यांचा माजाचा काळ.

बुधवार : बोरेरेग आणि एल्गोल

ब्रॉडफर्डहून एल्गोलकडे जाणाऱ्या एकेरी रस्त्यावर किलक्राइस्टचे छप्पर नसलेले जुने चर्च लागते. तिथून जवळच संगमरवराच्या बंद पडलेल्या खाणीची वाट सुरू होते आणि ती ओलांडून दीड तासात समुद्रकाठच्या बोरेरेगला उतरता येते. वाट चिखलाची आहे. घोट्याच्या वर येणारे, पाणी न शिरणारे बूट हवेतच. आम्हाला येता-जाता एकच जोडपे भेटले.

बोरेरेग लांबूनच ओळखू येते, कारण तपकिरी हेदर झुडपांच्या उतारावर तेवढाच तुकडा हिरवागार आहे. पिढ्यान्‌पिढ्या खत घातलेल्या मातीत अजून चांगले गवत येते आणि ते गवत आता मेंढ्या खातात. १८५३ मध्ये लॉर्ड मॅकडोनाल्ड यांच्या जहागिरीतील हे गाव आणि शेजारचे सुइश्निश रिकामे करण्यात आले. सुइश्निशहून निघालेल्या लोकांचा विलाप दरीतून कसा ऐकू येत होता, हे त्या वेळी तरुण असलेले भूगर्भशास्त्रज्ञ आर्चिबाल्ड गाइकी यांनी लिहून ठेवले आहे. घरांच्या भिंती कमरेइतक्या उरल्या आहेत. एका घराचे दार शाबूत होते : दोन्ही बाजूंना हाताने घडवलेले दगड, उंबरठ्याचा दगड मधोमध झिजून खोलगट झालेला, त्यात पावसाचे पाणी आणि पाण्यात एक पीस. आत चुलीच्या जागी अंगाला लागली की आग होणारे नेटलचे झुडूप माजले होते.

सातबाऱ्यावर ‘रिठी’, म्हणजे ओस, म्हणून उरलेली गावे विदर्भात मी पाहिली आहेत आणि गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या गावांतली माणसेही मला भेटली आहेत, म्हणून या भिंतींमध्ये कॅमेरा काढायला मला थोडा वेळ लागला. आकाश त्या दिवशी तुटक ढगांचे होते. दुपारी एकच्या पुढे ऊन उतारावर आले, आणि आतापर्यंत सपाट वाटलेल्या गवतात एकाएकी लांबच लांब समांतर वरंबे उमटले. त्या जुन्या शेतांच्या खुणा होत्या. बटाटे आणि ओट पिकवण्यासाठी कुदळीने ओढलेल्या सऱ्या, ज्या दीडशेहून अधिक वर्षे गवताखाली तशाच राहिल्या होत्या. डोक्यावरच्या उन्हात त्या कधीच दिसल्या नसत्या. मी दारापासून मागे सरकत गेले, डावीकडे पडकी भिंत आणि उजवीकडे समुद्रापर्यंत गेलेल्या सऱ्या घेतल्या. चौकटीच्या कडेला नव्या कुंपणाची तार येत होती. ती मी तशीच ठेवली.

दुपारनंतर एल्गोल गाठले. इथून लॉख स्काव्हेगच्या पलीकडे काळ्या कूलिनची पूर्ण रांग दिसते. तिच्यातले सर्वोच्च स्गूर अलास्टर ९९२ मीटरचे, आणि १८७३ मध्ये ते प्रथम चढणाऱ्या अलेक्झांडर निकोलसन यांच्यावरून त्याचे नाव पडले. कूलिनच्या गॅब्रोत चुंबकीय खनिज असल्याने होकायंत्र तिथे भरवशाचे राहत नाही; गिर्यारोहण करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. किनाऱ्यावरच्या कड्यात समुद्राने कोरलेली जाळी हा उत्तम पुरोभाग होतो. खडक मात्र शेवाळलेले आहेत आणि भरती बघता बघता पायांशी येते. शिखरे ढगांतून अर्धीच बाहेर आली. ती अर्धीच अधिक शोभली, असे माझे मत आहे.

एकेरी रस्त्यांबद्दल : दर थोड्या अंतरावर समोरच्या गाडीला वाट देण्याची जागा असते. ती डावीकडे असेल तर तिच्यात शिरावे, उजवीकडे असेल तर डावीकडेच तिच्यासमोर थांबावे. वाट दिल्यावर हात उंचावण्याची पद्धत आहे. फोटोसाठी या जागांवर गाडी उभी करणे हा इथे असभ्यपणा समजला जातो, आणि तो योग्यच आहे. आपला वाहन परवाना पर्यटकाला वर्षभर चालतो, शिवाय गाडी आपल्यासारखीच डावीकडून.

गुरुवार : नीस्ट पॉइंट

बेटाच्या पश्चिम टोकाला १९०९ चा दीपगृहस्तंभ आहे. त्याची यंत्रणा १९९० पासून आपोआप चालते, त्यामुळे तिथे कोणी राहत नाही. वाऱ्याचा जोर एवढा होता, की ट्रायपॉडचे पाय अर्धेच उघडून, मधल्या आकड्याला पिशवी टांगून, मी स्वतः त्यावर वाकून उभी राहिले. समुद्राचे तुषार भिंगावर बसत होते आणि प्रत्येक चित्रानंतर ते पुसावे लागत होते. लेस्टरहून आलेले एक गुजराती कुटुंब आमच्या आडोशाला येऊन बसले. काकींनी विचारपूस न करता आमच्या हातात थेपले दिले, आणि नागपूर म्हटल्यावर त्यांच्या यजमानांना आधी संत्री आठवली आणि लगेच जामठ्याचे स्टेडियम.

सूर्यास्त मात्र सरळ, स्वच्छ झाला : पश्चिमेला बाह्य हेब्रिडीज बेटांची निळी रेघ, वर केशरी पट्टा. सुंदर होता, आणि तो सगळ्यांकडे असेल. मी पाठ फिरवून पूर्वेकडचे कडे चित्रित केले. मावळतीच्या उन्हात त्यांचे थर एकेक करून मोजता येत होते.

शुक्रवार : परतीची वाट

निघताना घरमालकीण बाईंनी बर्फीचा रिकामा डबा ओटकेकने भरून परत दिला. रिकामा डबा परत न करण्याची रीत तिकडेही असावी. वाटेत आयलन डोनन किल्ल्यापाशी थांबलो. १७१९ मध्ये उद्ध्वस्त झालेला हा किल्ला विसाव्या शतकात पुन्हा बांधला गेला, म्हणून तो इतका नीटनेटका दिसतो. पाऊस पुन्हा सुरू झाला होता आणि भावाला ग्लासगोला पोहोचून वरण-भात लावायची घाई झाली होती.

चित्रे निवडायला नागपुरात परतल्यावर बराच काळ लागला. स्टॉरचे एक ठेवले, नीस्टच्या सूर्यास्ताचे एकही नाही. बोरेरेगच्या सऱ्यांचे चित्र सर्वांत मोठे छापले, आणि त्यासाठी चकचकीत कागद न घेता सुती मॅट कागद घेतला, कारण चकाकीत गवतावरच्या बारीक सावल्या हरवत होत्या. छपाई करणाऱ्या मुलाने पडद्यावर उजव्या कडेची तार दाखवून ती काढून टाकू का, असे विचारले. मी नको म्हणाले आणि फक्त सावल्यांचा भाग किंचित उजळ करायला सांगितला.